पाचव्या जागेचा हमाल

सांताकातेनांच्या घरात जमिनीच्या वाटण्या झाल्या, तांब्याच्या भांड्यांच्या झाल्या, एकदा तर मेलेल्या आत्याच्या पलंगाचीही झाली. तोरा मात्र ज्याला त्याला अख्खा मिळाला. एर्मेलिंदा एकतीस वर्षांपूर्वी त्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, एव्हारिस्तोच्या मालकीची एक खोली आणि एक बिघडलेली स्कूटर होती. पण जेवायला बसायचा तो असा, की जणू पाद्रीबाबांनी त्याची परवानगी घेऊनच प्रार्थनेला सुरुवात करावी.

या तोऱ्याचं मूळ होतं एक द्राक्ष. मोनाकेल्ला, म्हणजे छोटी नन. कास्तेल मोर्रानो गावाच्या वर, पडक्या मठाच्या भिंतीखाली तिच्या सव्वातीनशे वेली होत्या आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नव्हत्या. मठातल्या नन्सनी बाराशे वर्षांपूर्वी ती लावली असं सांताकातेना म्हणत. पुढे युरोपभर कीड पडली, लोकांना परदेशी मुळांवर कलमं बांधावी लागली, पण या डोंगराच्या राखाडी वाळूत ती कीड जगली नाही. म्हणून मोनाकेल्ला आजही स्वतःच्या मुळावर उभी. नवी वेल हवी असली तर जुन्या वेलीची काडी वाकवायची, मातीत दाबायची, दोन वर्षं वाट बघायची आणि मूळ धरलं की आईपासून तोडायची. हे काम वाकून करावं लागतं, त्यामुळे ते सांताकातेना पुरुषांनी फारसं केलं नाही.

एव्हारिस्तो बेनेव्हेंतोच्या शाळेत लॅटिन शिकवायचा. निम्मी मुलं नापास व्हायची, उरलेली पास होऊन विसरायची. निवृत्त झाल्यावर त्याला वर्ग उरला नाही, तेव्हा त्याने रविवारी नेपल्सहून आणि रोमहून येणाऱ्या पाहुण्यांना धरलं. टाय लावून तो मांडवाखाली उभा राहायचा आणि हात पसरून सांगायचा, "बाराशे वर्षं, आणि कुणाच्याही मदतीवाचून." पाहुणे फोटो काढायचे. मागे एर्मेलिंदा ग्लास आणि ताराल्लींचं, म्हणजे खारट कडबोळ्यांचं, तबक घेऊन उभी असायची. तिच्याकडे वळून तो म्हणायचा, "ही आमची मंडळी. खालच्या गावची." पाहुणे हसायचे. कशाला हसलो हे त्यांना ठाऊक नसायचं, पण फुकटची वाईन हातात असली की माणूस कशालाही हसतो.

खालचं गाव म्हणजे पियानेल्ले. तिथे फाक्किनो पिकतो. फाक्किनो म्हणजे हमाल. काळं, जाड सालीचं, मिळेल त्या जमिनीत धबाधबा येणारं द्राक्ष. त्याची वाईन टँकरमधून जाते आणि कुणाच्या बाटलीत काय नावाने शिरते ते कुणी विचारत नाही. एर्मेलिंदाच्या बापाने जन्मभर तेच पिकवलं, आता तिचा भाऊ साबातो पिकवतो. सांताकातेनांच्या घरी एखादं पिंप आंबलं तर म्हणायचे, "पियानेल्ले झालं." हे तिच्यासमोर म्हणायचे, आणि वाढायला पुढे तिनंच यायचं.

गंमत अशी, की या पवित्र मळ्यात दर पाचवी वेल फाक्किनोची होती. चार नन्स, मग एक हमाल. पुन्हा चार नन्स, पुन्हा एक हमाल. अशा ऐंशी वेली. कुणी पाहुण्याने विचारलंच तर एव्हारिस्तो खांदे उडवून सांगायचा, की वडलांनी मोकळ्या जागा भरून काढल्यात, जुनी माणसं, त्यांना जागा वाया गेलेली बघवत नाही.

एर्मेलिंदाला मात्र लग्नानंतरच्या दुसऱ्याच जूनमध्ये कळलं. ती वेलींतच वाढलेली. फुलोरा आला की फाक्किनोच्या फुलातले केसर ब्रशासारखे ताठ उभे राहतात, हे तिने शाळेआधी पाहिलेलं. मोनाकेल्लाच्या फुलात मात्र ते मागे वाकलेले, लोंबते, बिनकामाचे. छोटी नन नुसतीच बाई होती. शेजारच्या हमालाने वाऱ्यावर पराग सोडला नाही तर तिच्या पदरात एक मणी पडला नसता. एर्मेलिंदाने हे सासऱ्यांना, पोंपिलिओंना, सरळ विचारलं. म्हाताऱ्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"डोळे चांगले आहेत तुझे," ते म्हणाले. "आता तोंडही चांगलं ठेव. आपल्या ननला पियानेल्लेचा गडी लागतो हे खाली कळलं, तर मला पिआझ्झातून, भर चौकातून जाता येईल का?"

"आणि एव्हारिस्तोला?"

"त्याला माहीत नसलेलंच बरं. तो बोलतो छान."

एवढंच. म्हाताऱ्याने तीस वर्षं त्या ऐंशी वेली स्वतः छाटल्या, त्यांची द्राक्षं वेगळी तोडून घरच्या जेवणाची वाईन केली आणि बाहेर कुणाला एक शब्द सांगितला नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये ते वारले, तेही पोराला हे न सांगता. स्वतःच्या पोरापेक्षा त्यांना पिआझ्झाची लाज जास्त होती. एर्मेलिंदाने त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही, पण त्यांच्या छाटणीला नावं ठेवणं तिलाही जमलं नसतं.

म्हाताऱ्याच्या मागे डोंगर तिघा भावंडांचा झाला. एव्हारिस्तोचा भाऊ आणि बहीण मिलानला. त्यांना एका कंपनीने विचारलेलं, उतार दक्षिणेकडचा आहे, सौरपट्ट्या बसवायला द्याल का? नाताळात बरंच तोंड वाजल्यावर असं ठरलं, की मोनाकेल्ला यंदा सरकारच्या जुन्या वाणांच्या यादीत चढली तर मळा राहील, नाही चढली तर वेली उपटून डोंगर द्यायचा. यादीवाले सप्टेंबरात येणार होते. ते वेलीवरचं पीक बघणार, घड मोजणार, मणी प्रयोगशाळेत नेणार. घड नसतील तर अर्ज फेटाळणार. जानेवारीतच कंपनीचा माणूस येऊन उताराच्या चार कोपऱ्यांत लाल फीत बांधलेल्या खुंट्या ठोकून गेला. एर्मेलिंदा रोज त्या खुंट्यांना वळसा घालून कामाला जायची. त्या सव्वातीनशेपैकी चौसष्ट वेली तिने स्वतः काडी दाबून जन्माला घातलेल्या होत्या. तिला मूल झालं नाही. यावरही त्या घरात बोलून झालेलं होतं.

एव्हारिस्तोने अर्जाचा कागद वाचला. लॅटिनच्या मास्तराने वाचावा तसाच वाचला, म्हणजे एका शब्दाला धरून. मळा एकाच वाणाचा, एकसारखा असावा, असं त्यात कुठेतरी होतं. झालं. फेब्रुवारीच्या एका शनिवारी त्याने जाहीर केलं, की सोमवारी ट्रॅक्टर येतोय, फाक्किनो मुळासकट काढायचा. बाराशे वर्षांच्या घरातला केर निघणार म्हणून तो खुशीत होता.

एर्मेलिंदा तेव्हा कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि सांगितलं, की त्या वेलींना हात लावू नकोस, त्यांच्यावाचून मोनाकेल्लाला घड धरायचे नाहीत. तिच्या फुलात केसर नाहीत.

एव्हारिस्तोने तिच्याकडे बघितलं. शेवटच्या बाकावरचं पोर उत्तर द्यायला उठलं की तो असाच बघत असणार.

"बाराशे वर्षं तिला कुणी लागलं नाही," तो म्हणाला, "आणि आता तुझ्या भावाचा हमाल लागणार? लिंदा, माहेर मिरवायचं तर दुसरं काहीतरी मिरव."

ती पुन्हा सांगू शकली असती. सोमवारपर्यंत दोन रात्री आणि एक अख्खा रविवार होता. जूनमध्ये फूल तोडून दाखवता आलं असतं, फेब्रुवारीत फूल नव्हतं, पण सासऱ्यांचे शब्द होते. ते तिने वापरले नाहीत. तिने सुरी उचलली, उरलेला कांदा चिरला आणि मनात म्हणाली, कर. कर तुझ्या मनासारखं आणि मग जूनमध्ये टाय लावून उभा राहा. एकतीस वर्षांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी ट्रॅक्टर आला. ऐंशी वेली निघाल्या. जुनी खोडं मांडीएवढी जाड होती, सुटताना करकरत होती. मळ्याच्या टोकाला त्यांची होळी केली आणि ट्रॅक्टरवाल्याने निखाऱ्यांवर सॉसेज भाजली. एर्मेलिंदानेही खाल्ली, दोन खाल्ली. हात शेकत ती आगीजवळ उभी होती आणि नवरा वाऱ्याची दिशा बघून काहीतरी लॅटिनमध्ये म्हणत होता. तिला हसू आवरेना.

जूनच्या चार तारखेला मोनाकेल्ला फुलली. मळ्यात तो हलका, ओल्या पिठासारखा वास सुटला. एव्हारिस्तो मांडवाखाली हात मागे बांधून फिरला आणि म्हणाला, की बघ, किती फुलोरा, जागा मोकळी झाल्यावर श्वास घेता आला तिला. एर्मेलिंदा हो म्हणाली. हे तिने चवीने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी वर गेली. खरं तर ती मजा बघायला गेली होती. गावात आता दुसरी द्राक्षंच नव्हती, सगळ्यांनी हेझलनट लावलेले, त्यामुळे वाऱ्यावर येऊन येऊन येणार काय? पियानेल्ले तर खाली तीन किलोमीटरवर. तिने एक फुलोरा हातात घेतला. फुलं उघडी, केसर वाकलेले, तोंडाशी एक थेंब चमकत होता. ही वेल तिने लग्नानंतर पहिल्यांदा दाबलेली होती. तिच्या पलीकडे पाचव्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यापलीकडे लाल फितीची खुंटी. दहा दिवस. फूल दहा दिवस वाट बघतं, मग गळतं. एर्मेलिंदाला एकदम स्वतःची शिसारी आली. नवऱ्याची फजिती बघायला ती तिकीट काढून बसली होती आणि तिकिटाला आपल्याच चौसष्ट वेली मोडल्या होत्या. तिने मोठ्याने एक शिवी हासडली. ती कुणाला होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ती तशीच पियानेल्लेला गेली. साबातो तंबाखूच्या शेडमध्ये होता. खालची हवा गरम, त्याचा फुलोरा केव्हाच सरलेला, पण शेडच्या मागे सावलीत दोन लांब ओळी नेहमी उशिरा फुलायच्या. त्या आत्ता भरात होत्या. तिने सगळं सांगितलं. साबातो इतका हसला की त्याला पिंपावर बसावं लागलं.

"म्हणजे तुमची ती नन," तो डोळे पुसत म्हणाला, "बाराशे वर्षं आमच्या गड्याबरोबर..."

"हो. हसून झालं असेल तर विळा आण."

"विळा मिळेल, फांद्या मिळतील, बादल्या मिळतील. पण मागायला तो येऊ दे."

"साबातो, दिवस नाहीयेत."

"तुझ्या लग्नात पापांनी फाक्किनोचं एक पिंप वर नेलेलं. स्वतःच्या खांद्यावरून नेलं. तुझ्या सासरच्यांनी ते चर्चच्या पायऱ्यांवर उन्हात ठेवून दिलं, आठवतं? बूचसुद्धा काढलं नाही. संध्याकाळी पापा ते परत घेऊन आले. मला तेव्हा वर यायचं होतं हातात काहीतरी घेऊन, पापांनी येऊ दिलं नाही." तो आता हसत नव्हता. "तुझा दादला इथे येईल, माझ्या टेबलाशी बसेल, एक ग्लास फाक्किनो पिईल आणि फुलं मागेल. मग मी सगळी बागच कापून देतो."

घरी येऊन तिने एव्हारिस्तोला मळ्यात ओढत नेलं. तो वाटेत थंडीबद्दल, दवाबद्दल, कुठल्याशा जुन्या ग्रंथाबद्दल बोलत होता. तिने एक मोनाकेल्लाचं फूल आणि पियानेल्लेहून रुमालात आणलेलं एक फाक्किनोचं फूल, दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याचं भिंग त्याच्या दुसऱ्या हातात दिलं. तो बराच वेळ बघत राहिला. मूर्ख होता, पण आंधळा नव्हता.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"तीस वर्षं. तुझ्या बापालाही माहीत होतं."

"खोटं."

"त्यांनी मला सांगितलं. तुला नाही सांगितलं."

"का?"

"तू बोलतोस छान म्हणून."

एव्हारिस्तोने भिंग खिशात ठेवलं. मग काढलं. मग पुन्हा ठेवलं. बाप गेला तेव्हा तो रडला होता, सगळ्यांसमोर, व्यवस्थित. आता रडायला कुणी प्रेक्षक नव्हता आणि त्याचा चेहरा नुसताच सैल पडला. एर्मेलिंदाला वाटलं होतं, हा क्षण गोड लागेल. नाही लागला, आणि त्याचाही तिला राग आला. मग ती म्हणाली, की साबातो फुलं द्यायला तयार आहे, पण तुला जावं लागेल, आणि एक ग्लास प्यावा लागेल.

तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याने टाय लावला होता.

साबातोच्या स्वयंपाकघरात साबातोने पाण्याचा मोठा ग्लास काठोकाठ भरला आणि सरकवला. एव्हारिस्तो उभाच होता. साबातो म्हणाला, बसून. तो बसला. त्याने औषध घ्यावं तसे डोळे मिटून एक घोट घेतला. डोळे उघडले. दुसरा घोट घेतला, या वेळी हळू. एर्मेलिंदाला कळलं काय झालं ते. बापाच्या टेबलावर दर दुपारी तो हेच पीत आला होता. त्याच्या समजुतीप्रमाणे ती मोनाकेल्लाची द्राक्षं दुसऱ्यांदा दाबून काढलेली वाईन होती आणि तिच्याबद्दल त्याने पाहुण्यांना कितीदा सांगितलं होतं, की आमची घरची साधी वाईनसुद्धा पियानेल्लेच्या उत्तम वाईनपेक्षा सरस असते. त्याने ग्लास संपवला. टेबलाकडे बघत तो म्हणाला, "आम्हाला फुलं हवीत." आणि मग, कुणी सांगितलं नसताना, ग्लास पुढे करून, "अजून थोडी ओत."

साबातोने या प्रसंगासाठी एकतीस वर्षं टोमणे जमवून ठेवले असणार. एकही न मारता त्याने ग्लास भरला आणि विळा घ्यायला गेला.

पुढचे सात दिवस त्यांनी काम केलं. सकाळी दव सुकायच्या आत खालून फुललेल्या काड्या बादल्यांतून यायच्या, त्या ओळीओळीत मांडवाला टांगायच्या. साबातोने सशाची कातडी आणली, तिचे हातमोजे शिवले. फाक्किनोच्या फुलावरून केसाळ हात फिरवायचा आणि मग तोच नन्सच्या फुलांवरून. शिडीवर एर्मेलिंदा, शिडीवर साबातो, आणि तिसऱ्या शिडीवर टाय लावलेला लॅटिनचा मास्तर. रस्त्यावरून जाणारं गाव थांबून बघायचं. कुणीतरी ओरडलं, एव्हारिस्तो मास्तर, मांजर कुरवाळताय का? तो पुढच्या घोसाकडे वळला. सात दिवसांत तो बाराशे वर्षांबद्दल एकदाही बोलला नाही. एर्मेलिंदाला जरा आशा वाटू लागली. बऱ्याच दिवसांत तिची अशी फसगत झाली नव्हती.

जुलैत मणी धरले. सगळीकडे नाही, पण निम्म्याहून जास्त वेलींवर घड दिसू लागले, आणि तेवढे पुरणार होते.

सप्टेंबरात यादीच्या कामासाठी दोत्तोरेस्सा क्वारांता आली, नावापुढे पदवी लावून, बूट घालून, वही घेऊन, कमी बोलणारी बाई. तिने ओळीमागून ओळी तपासल्या, घड मोजले, पिशव्यांवर नंबर टाकले. साबातो तोडणीला आला होता, तो टोपल्या घेऊन जवळच होता. मांडवाखाली आल्यावर दोत्तोरेस्साने विचारलं, की अर्जासोबतच्या फोटोत याची फुलं मादी दिसतात आणि मळ्यात दुसरं वाण नाही, मग घड धरतात कसे?

एव्हारिस्तोने टाय सरळ केला. एर्मेलिंदाला त्या हाताच्या हालचालीवरूनच कळलं.

तो म्हणाला, की दोत्तोरेस्सा, हे आमच्या घराण्याचं गुपित आहे. वेलींचा विवाह. मठाच्या काळापासून दर जूनमध्ये घरातला कर्ता पुरुष पहाटे दरीत उतरतो, फुललेल्या काड्या घेऊन येतो आणि सशाच्या कातड्याने, हो, सशाच्याच, प्रत्येक फुलाला स्पर्श करतो. वडलांनी मरताना हा विधी माझ्या कानात सांगितला. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. तो खोटं बोलत नव्हता, त्याचा त्या क्षणी पुरता विश्वास बसला होता. साबातोने टोपली खाली ठेवली. एर्मेलिंदाच्या हातात तबक होतं आणि तिला वाटलं, जूनमधलं ते गप्प राहणं सात दिवसांपुरतंच होतं.

दोत्तोरेस्साने लिहिता लिहिता मान वर केली नाही. "काड्या कुठल्या वाणाच्या?"

एव्हारिस्तो खाकरला. "एक प्राचीन रानवेल."

"नाव?"

"नाव... आता काळाच्या ओघात..."

"सिन्योर सांताकातेना, जे वाण एकट्याने फळत नाही त्याच्या जोडीदाराचं नाव या रकान्यात लागतं. नाव नाही तर अर्ज अपुरा. मग मी तो पुढे पाठवू शकत नाही."

एव्हारिस्तोने एर्मेलिंदाकडे पाहिलं. तिला ती नजर नवी होती, तिच्यात विनवणी होती, पण नाव सांग अशी नव्हे. दुसरं एखादं नाव शोध, बरंसं, लॅटिन शेपूट असलेलं, अशी होती. मळा जायची वेळ आली तरी त्याच्या तोंडून पियानेल्लेचा हमाल निघत नव्हता. तिला गप्प राहण्याचा मोह झाला. अडकू दे. घाम फुटू दे. पुन्हा तोच हलकेपणा अंगात चढू लागला, आणि तो तिने ओळखला. या वेळी त्याची किंमत तिला ठाऊक होती.

तिने तबक टेबलावर ठेवलं.

"फाक्किनो," ती म्हणाली. "खाली पियानेल्लेत कुठेही मिळेल. हा माझा भाऊ, हा पिकवतो, काड्या त्याच्या. विधीबिधी काही नाही. सासऱ्यांच्या वेळी इथे दर पाचवी वेल फाक्किनोची होती, म्हणून कुणाला काही करावं लागत नव्हतं. ते खड्डे दिसतायत ना, त्या त्यांच्या जागा."

"मग काढल्या का?"

"यानं काढल्या, याला माहीत नव्हतं म्हणून. मला माहीत होतं. मी एकदा सांगितलं आणि मग काढू दिल्या."

दोत्तोरेस्साचं पेन थांबलं. "माहीत असून? का?"

"हा कसा तोंडावर पडतो ते मला बघायचं होतं."

साबातो जमिनीकडे बघत होता. दोत्तोरेस्साने रकान्यात "फाक्किनो" लिहिलं, कंसात "पियानेल्ले" लिहिलं आणि पान उलटलं. बाकीचं लिहायला तिच्या कागदावर रकाना नव्हता. अर्ज पुरा झाला होता, ती तो पुढे पाठवणार होती.

एव्हारिस्तो मात्र अजून बायकोकडेच बघत होता. फाक्किनोचं नाव, साबातोसमोरची शोभा, वेलींचा उघडा पडलेला विवाह, यातलं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. या घरात तुच्छता फक्त वरून खाली वाहते अशी त्याची एकतीस वर्षं समजूत होती. एर्मेलिंदा रोज त्याच्याशेजारी जेवत होती, झोपत होती, पाहुण्यांसमोर त्याच्यामागे उभी राहत होती, आणि ऐंशी वेली जाळण्याइतकी ती त्याला तुच्छ मानत होती.

"ऐंशी," तो शेवटी म्हणाला. "लिंदा, ऐंशी वेली."

"हो," ती म्हणाली. "मी मोजल्यात."